जास्वंदीचा लाल बंदोबस्त

नागपुरातल्या एखाद्या जुन्या घराच्या गच्चीवर वैशाखाच्या अखेरीस चढून पाहिले, तर उन्हाने केलेल्या नासधुशीचा पंचनामाच तेथे मांडून ठेवलेला दिसतो. पापड वाळत घालताना खाली अंथरलेले आणि मग तसेच विसरले गेलेले वर्तमानपत्र पिवळे पडून बोटांखाली तुटू लागलेले असते. कुंड्यांना पाणी घालण्यासाठी मागल्या साली आणलेल्या प्लॅस्टिकच्या बादलीची कड नखाने उकलावी इतकी ठिसूळ झालेली असते. आणि जिन्याच्या दाराला लावलेल्या पडद्याचा मूळ रंग कोणता, हे त्याची आतली घडी उलगडून पाहिल्यावाचून सांगता येत नाही. या सगळ्या मोडतोडीच्या मधोमध, मातीच्या एका कुंडीत, जास्वंद उभी असते. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी यापलीकडे तिची काही मागणी नसते, आणि ज्या उन्हाने कागद जाळला, बादली मोडली आणि पडद्याचा रंग उडवला, त्याच उन्हात तिची पाने तेलाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत आणि हिरवीगार असतात. हे ऊन काही साधेसुधे नव्हे. २०१३ सालच्या मे महिन्यात नागपूरच्या वेधशाळेने ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद केली होती, आणि त्या दिवशीही शहरातल्या असंख्य जास्वंदी जागच्या हलल्या नव्हत्या.

येथवर कोडे सरळ आहे. ते गुंतागुंतीचे होते ते फुलापाशी. जिचे पान सबंध उन्हाळा उभ्याने काढते, तिचे फूल मात्र पहाटे उमलते आणि दिवेलागणीला मिटून जाते. सीताबर्डीच्या नेताजी मार्केटातून सकाळी घेतलेले आणि टेकडीच्या गणपतीला वाहिलेले लालभडक फूल रात्री निर्माल्यात जाते तेव्हा ते मलूल आणि जांभळट झालेले असते. आणि गंमत अशी की, ज्या फुलाला स्वतःला दुसरा दिवस पाहावयास मिळत नाही, त्याच फुलाचे चित्र आजकाल चिरतारुण्याची हमी देणाऱ्या बाटल्यांवर, पुड्यांवर आणि चहाच्या पिशव्यांवर छापलेले असते, व खाली एक भारदस्त शब्द असतो: अँटिऑक्सिडंट. हा शब्द आता किराण्याच्या दुकानातही ऐकू येतो. पण त्याचा अर्थ काय, तो पदार्थ जास्वंदीत नेमका कोठे असतो आणि कोणासाठी असतो, याची चौकशी करण्याच्या फंदात मात्र सहसा कोणी पडत नाही.

लुटलेला गावच पेंढारी होतो तेव्हा

कागद पिवळा पडणे, प्लॅस्टिक ठिसूळ होणे, रंग उडणे, लोखंड गंजणे, दिवाळीतला चिवडा संक्रांतीपर्यंत खवट होणे ही प्रकरणे वेगवेगळ्या दप्तरांत नोंदलेली वाटली, तरी त्यांतला मुख्य आरोपी एकच आहे, आणि तो म्हणजे ज्याच्यावाचून आपण चार मिनिटेही जगू शकत नाही तो ऑक्सिजन. उन्हाची त्याला साथ असते इतकेच. ऑक्सिजनने एखाद्या पदार्थातले इलेक्ट्रॉन ओढून घेण्याच्या क्रियेला रसायनशास्त्रात ऑक्सिडीभवन म्हणतात. चुलीतल्या लाकडाच्या बाबतीत ती भडभडून होते, वर्तमानपत्राच्या बाबतीत मुंगीच्या पावलांनी, परंतु जात एकच.

आता इलेक्ट्रॉनांची एक खोड लक्षात घेतली पाहिजे. रेणूच्या घरात ते जोडीजोडीने राहतात, आणि काही कारणाने, प्रखर प्रकाशाने, उष्णतेने वा एखाद्या धातूच्या संसर्गाने, एक जोडी फुटून एकटा इलेक्ट्रॉन मागे राहिला, तर तो रेणू अत्यंत अस्वस्थ होतो. अशा रेणूला मुक्त मूलक असे नाव आहे. मोझेस गोम्बर्ग या अमेरिकेतील रसायनज्ञाने १९०० साली असा एक मूलक प्रथम सिद्ध करून दाखवला, तेव्हा पुष्कळ विद्वानांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. हा एकटा पडलेला रेणू शेजारच्या धडधाकट रेणूवर धाड घालतो, त्याचा एक इलेक्ट्रॉन हिसकावून आपली जोडी पुरी करतो आणि शांत होतो. पण तंटा येथे मिटत नाही, कारण आता शेजारी एकटा पडला.

पेंढाऱ्यांच्या धामधुमीत जे मुलूख उद्ध्वस्त झाले, त्यांच्याविषयी असे सांगतात की, ज्याचे घर, गुरे आणि बी-बियाणे लुटले गेले तो शेतकरी पुढे पोटासाठी स्वतःच पेंढाऱ्यांच्या टोळीत सामील होई आणि पलीकडच्या गावावर चालून जाई. लुटीतून लूट जन्मावी आणि एका ठिकाणच्या धाडीने दहा गावे बेचिराख व्हावी, तसाच हा रासायनिक व्यवहार असतो. जवसाच्या तेलात तो फार वेगाने चालतो, म्हणून आपल्याकडच्या बायका जवस दळून ठेवीत नाहीत, लागेल तेव्हा लागेल तेवढेच कुटतात. त्या तेलाच्या रेणूंत इलेक्ट्रॉन हिसकावण्यास सोप्या अशा जागा अधिक आहेत हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. खवट चटणीने मात्र सांगितले होते.

सजीवाच्या पेशीभोवतीचे आवरणही अशाच स्निग्ध पदार्थांचे असते. तेव्हा जो प्रकार बरणीतल्या तेलात होतो तो पानाच्या पेशीत होणार, आणि आपल्याही. नव्हे, तो क्षणोक्षणी होतच असतो. तरीही मूलक हा निव्वळ दुर्जन होय असे मात्र समजू नये. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी हेच मूलक मुद्दाम तयार करतात. दारूगोळा कोठाराबाहेर सांडला म्हणजे घर जळते, म्हणून तो ठेवूच नये असे कोणी म्हणत नाही.

एकत्र कुटुंबाची जामीनकी

अशा साखळीला तोडावयाचे कसे? त्यासाठी असा कोणी पुढे यावा लागतो की, जो धाड घालणाऱ्याला मागेल तो इलेक्ट्रॉन देऊन टाकील आणि दिल्यावर स्वतः पेंढारी होणार नाही. अँटिऑक्सिडंट म्हणजे हाच जामीन. पण द्यावयाला सगळेच देतात, कारण त्यांच्याकडून हिसकावलेच जाते. दिल्यानंतर शांत राहणे याला निराळे सामर्थ्य लागते, आणि ते सामर्थ्य रेणूच्या घडणीत असते.

जास्वंदीच्या पानाफुलांतले बहुतेक अँटिऑक्सिडंट हे फिनॉलवर्गीय, म्हणजे सहा कार्बन अणूंच्या एका किंवा अधिक कड्यांभोवती रचलेले असतात, आणि या कड्याचे वैशिष्ट्य असे की, त्यातले काही इलेक्ट्रॉन कोणा एका कार्बनाच्या मालकीचे नसून सगळ्या कड्याचे सामाईक असतात. एखाद्या एकट्या मजुराचे शंभर रुपये चोरीस गेले तर त्या रात्री त्याची चूल पेटत नाही. पण नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्यात, जेथे चार भाऊ एकत्र राहतात आणि जमाखर्च एकाच वहीत लिहिला जातो, तेथे तेवढीच रक्कम गेली तर ती तूट सगळ्या घरावर पसरते आणि कोणा एकाला ती जाणवतही नाही. फिनॉलचे कडे हे असे एकत्र कुटुंब आहे. एक इलेक्ट्रॉन गेल्याने आलेली उणीव सबंध कड्यावर विरते, आणि म्हणून तो रेणू मूलक होऊनही कोणावर धावून जात नाही. क्वचित तो ही तूट पुढे हवाली करतो. स्निग्ध आवरणात राहणारे ई जीवनसत्त्व आपली उणीव पाण्यात राहणाऱ्या क जीवनसत्त्वाकडून भरून घेते, आणि क जीवनसत्त्वाची भरपाई पेशीच्या खजिन्यातून होते.

याखेरीज प्रत्येक पेशीजवळ स्वतःची कायम शिबंदीही असते. जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच या दोघा अमेरिकी संशोधकांनी १९६९ साली अशा एका प्रथिनाचा शोध प्रसिद्ध केला, ज्याचे आयुष्यभराचे काम ऑक्सिजनच्या एका उपद्रवी मूलकाला निकामी करणे हेच असते. फिनॉलचा रेणू एकदा देऊन मोकळा होतो. हे प्रथिन तेच काम सेकंदाला लाखो वेळा करू शकते. जाहिरातींत या शिबंदीचा उल्लेख येत नाही, कारण ती विकता येत नाही.

पानाची चाकरी

गच्चीवरचा कागद आणि जास्वंदीचे पान यांतला भेद आता ध्यानात येतो. कागद मृत आहे. जे गेले ते गेले. पान रोज आपले मोडलेले दुरुस्त करते, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, मोडण्याचा प्रसंग येऊ नये म्हणून थराथराने पहारे बसवते.

पानाची अडचण मोठी चमत्कारिक आहे. त्याला ऊन हवे, कारण उन्हावाचून साखर तयार होत नाही. पण नागपूरचे ऊन गरजेच्या कितीतरी पट अधिक येते, आणि ते नको म्हणण्याची सोय नाही. बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे, आत मोजणी संथ चालली आहे, आणि मागून गाड्या येतच आहेत, अशी कल्पना करावी. शेवटी आवारात चेंगराचेंगरी होणार. हरितद्रव्याने पकडलेली प्रकाशाची ऊर्जा साखरेच्या कारखान्यात खपली नाही, तर ती जवळच्या ऑक्सिजनच्या अंगावर जाते आणि त्याला पिसाळवते. म्हणून पानाने पहिला पहारा कातडीत बसवला आहे: क्वेर्सेटिनसारखी, डोळ्यांना जवळजवळ रंगहीन दिसणारी फ्लॅव्होनॉइड द्रव्ये, जी अतिनील किरण वरच्या वर शोषून घेतात. दुसरा पहारा हरितद्रव्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा. ती जादा ऊर्जा स्वतःवर घेऊन उष्णतेच्या रूपाने सोडून देतात. जास्वंदीचे जुने पान गळण्यापूर्वी पिवळे पडते तेव्हा ही द्रव्ये नव्याने आलेली नसतात. हिरव्याचा अंमल उठला म्हणून ती दिसू लागतात, इतकेच. तिसरा पहारा क जीवनसत्त्वाचा आणि फिनॉलवर्गीय आम्लांचा, जो पेशीतल्या पाण्यात फिरत असतो.

या पहाऱ्याचा एक प्रकार विदर्भातल्या शेतकऱ्याला फार चांगला परिचित आहे, पण तो त्याच्याकडे शत्रू म्हणून पाहतो. कापूस हा जास्वंदीच्याच कुळातला. भेंडी, अंबाडी, पारस पिंपळ आणि कापूस ही सारी एका घराण्यातली भावंडे होत. हिवाळ्याच्या तोंडाशी, बोंडे भरत असताना, कपाशीची पाने कडेकडून लाल होऊ लागतात आणि बघता बघता सगळे शेत तांबडे दिसू लागते. याला शेतकरी लाल्या म्हणतात. जमिनीत नत्र वा मॅग्नेशियम कमी पडले, रात्रीची थंडी एकाएकी वाढली, किंवा बोंडांनी पानांतले अन्न ओढून घेतले, म्हणजे पानातला साखरेचा कारखाना मंदावतो. ऊन मात्र तेवढेच येत राहते. अशा वेळी हरितद्रव्य ओसरू लागते आणि पानात लाल रंगाचे अँथोसायनिन नावाचे द्रव्य साठू लागते. हा लाल रंग म्हणजे संकटात सापडलेल्या पानाने डोक्यावर धरलेली छत्री होय, असे पुष्कळ वनस्पतिशास्त्रज्ञांचे मत आहे, आणि मला ते पटते. रोग लाल रंगात नसतो, तो मुळापाशी असतो; म्हणूनच कृषी खाते लाल्यावर रंग घालवण्याचे औषध सांगत नाही, तर मॅग्नेशियम सल्फेट आणि युरिया यांची फवारणी सांगते.

फुलाची मिजास

जास्वंदीच्या फुलात हेच अँथोसायनिन ओतप्रोत भरलेले असते. पण तेथे ते छत्री म्हणून नव्हे, निशाण म्हणून आलेले असते. या फुलाला वास नाही. ते भुंग्याला बोलावत नाही, पाखराला बोलावते, आणि पाखराला नाकापेक्षा डोळे तीक्ष्ण. नागपुरातल्या बागांतले शिंजीर लाल जास्वंदीच्या देठाशी चोच खुपसून मध पिताना ज्याने पाहिले आहेत त्याला हे निराळे सांगावयास नको. अद्वैत वेदान्तातही स्फटिकाजवळ ठेवलेल्या जपाकुसुमाचा, म्हणजे जास्वंदीच्या फुलाचा, दृष्टान्त प्रसिद्ध आहे: रंग फुलाचा, पण लाल दिसतो स्फटिक. शास्त्रकारांना इतक्या फुलांतून हेच निवडावेसे वाटले, यावरून या रंगाची सत्ता ध्यानात यावी.

जर्मन रसायनज्ञ रिखार्ट व्हिल्श्टेटर याने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे फुलांच्या रंगांचे पृथक्करण केले, तेव्हा तांबड्या गुलाबात आणि निळ्या कॉर्नफ्लॉवरमध्ये एकच मूळ द्रव्य असल्याचे त्याला आढळले. त्याचे नाव सायनिडिन. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामाबद्दल त्याला १९१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. लाल जास्वंदीचा रंगही याच सायनिडिनाला साखरेची जोड मिळून झालेला आहे. तेच कड्यांचे एकत्र कुटुंब, तीच इलेक्ट्रॉन देण्याची दानत. म्हणजे निशाण म्हणून उभारलेले कापड अंगात घालावयासही उपयोगी पडावे, तसा हा प्रकार. पांढऱ्या जास्वंदीत हा लाल रंग नसतो, तथापि क्वेर्सेटिनच्या जातीची रंगहीन द्रव्ये तिच्यातही असतात, तेव्हा रंग नाही म्हणून गुण नाही असा निकाल देणे बरोबर होणार नाही.

मग इतका बंदोबस्त असूनही फूल दिवसात का मरते? कारण त्याला कोणी मारत नाही. त्याचा मृत्यू हा घरचाच हुकूम असतो. सायंकाळच्या सुमारास फुलात इथिलीन नावाचा वायू तयार होऊ लागतो, आंबे पिकवणारा तोच हा वायू, आणि त्याच्या इशाऱ्यावर पाकळीच्या पेशी आपला संसार आवरतात व त्यांच्यातला बराच उपयुक्त ऐवज झाड परत घेते. परागसिंचनाचे काम झाले वा वेळ टळली, की एवढी मोठी पाकळी पाणी पाजून उभी ठेवणे झाडाला परवडत नाही. सारांश, अँटिऑक्सिडंट म्हणजे आयुष्याचा पट्टा नव्हे.

> चौकट: लिंबू, सोडा आणि एक फूल
>
> लाल जास्वंदीच्या चार फुलांच्या पाकळ्या पेलाभर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवाव्यात. पाकळ्या फिक्या पडतात आणि पाणी जांभळट होते. हे पाणी तीन काचेच्या पेल्यांत वाटून घ्यावे. एक पेला तसाच ठेवावा. दुसऱ्यात लिंबू पिळावे, पाणी लालगुलाबी होईल. तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा, ते निळसर हिरव्याकडे झुकेल. अँथोसायनिनच्या रेणूची ठेवण आम्लात एक आणि अल्कात दुसरी असते, आणि ठेवण बदलली की त्याने शोषलेला प्रकाशही बदलतो. रॉबर्ट बॉइल याने १६६४ साली व्हायोलेट फुलांच्या पाकावर असाच प्रयोग लिहून ठेवला आहे. निर्माल्यातले फूल जांभळट दिसते त्याचेही मर्म येथेच आहे: पाकळीच्या पेशीत रंग ज्या आंबट पाण्यात साठवलेला असतो त्याची आम्लता फूल कोमेजताना उतरत जाते.

अंबाडीचा आंबटपणा

ज्या घरात लिंबू पिळण्याची गरज पडत नाही, असे याच घराण्यातले दुसरे घर म्हणजे अंबाडी. मार्गशीर्षात गोकुळपेठेच्या बाजारात एखाद्या टोपलीत, पालकमेथीच्या आडोशाला, गडद लाल, मांसल, टोकदार बोंडे दिसतात. मी पहिल्यांदा भाव विचारला तेव्हा विकणाऱ्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हटले, "घ्या ना काकाजी, पण साखर लय लागते बरं याले." तेवढ्या एका वाक्यात अंबाडीचे अर्धे रसायनशास्त्र आले.

आपण ज्यांना अंबाडीची फुले म्हणतो ती वस्तुतः फुले नव्हेत. पिवळसर पाकळ्या गळून गेल्यावर त्यांच्या बाहेरची, कळीला झाकणारी हिरवी दळे, ज्यांना निदले म्हणतात, ती गळण्याऐवजी फुगतात, लाल होतात आणि आतल्या बियांच्या बोंडाभोवती पेल्यासारखी उभी राहतात. या निदलांत डेल्फिनिडिन आणि सायनिडिन या दोन मूळ द्रव्यांची अँथोसायनिने असतात, शिवाय सायट्रिक, मॅलिक आणि अंबाडीचे खास असे हिबिस्कस आम्ल असते. आम्ल घरचेच असल्याने रंग लालच राहतो. जास्वंदीच्या सरबताला जे लिंबाकडून उसने घ्यावे लागते ते अंबाडीजवळ जन्मजात आहे. हेच सरबत इजिप्त आणि सुदानमध्ये कर्कदे या नावाने प्यायले जाते.

आमच्याकडे मात्र अंबाडीची खरी प्रतिष्ठा पानांमुळे आहे. ज्वारीच्या कण्या वा तुरीची डाळ घालून शिजवलेली, वरून लसणाची चरचरीत फोडणी दिलेली अंबाडीची भाजी आणि सोबत भाकर, हे जेवण ज्याने जेवले नाही त्याने विदर्भ पाहिला असे मी म्हणणार नाही. गडचिरोलीच्या पलीकडे तेलुगू मुलखात हीच भाजी गोंगुरा होते आणि लोणच्याच्या बरणीत जाते. पानांत लाल रंग नसला तरी क्लोरोजेनिक आम्लाच्या जातीची फिनॉलवर्गीय द्रव्ये आणि क्वेर्सेटिनाचे सोयरे भरपूर असतात. हिरव्या देठाच्या अंबाडीचा वाख काढून दोर वळतात, आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांसाठी नव्या वेसणी त्याच दोराच्या होत. एका वनस्पतीकडून माणसाने आणखी किती अपेक्षा करावी?

जांभळ्याचे पिवळे

प्रयोगशाळेत हे अँटिऑक्सिडंट मोजतात कसे, हे समजून घेतले म्हणजे बाटलीवरच्या आकड्यांची भीड उरत नाही. जास्वंदीची पाने सावलीत वाळवून त्यांची पूड करतात, ती बहुधा मेथॅनॉलमध्ये भिजवून अर्क काढतात, आणि तो डीपीपीएच या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याच्या द्रावणात मिसळतात. हे द्रव्य म्हणजे एक अजब मूलक आहे: एकटा इलेक्ट्रॉन घेऊनही ते बाटलीत निवांत राहते. म्हणजे बेडी घातलेला पेंढारीच. त्याचा रंग गर्द जांभळा. अर्कातल्या फिनॉलने त्याची जोडी पुरी केली की जांभळा रंग जाऊन फिकट पिवळा उरतो. अंधारात अर्धा तास ठेवून किती जांभळा रंग गेला हे यंत्राने पाहतात, आणि निम्मा रंग घालवण्यास किती अर्क लागला तो आकडा नोंदतात. १९५८ साली मार्सडेन ब्लॉइस याने ही रीत सुचवली, आणि ती इतकी स्वस्त व सोपी आहे की महाविद्यालयातला विद्यार्थीही ती एका दुपारी उरकू शकतो. या पद्धतीने जास्वंदीची पाने आणि फुले दोन्ही चांगली उत्तीर्ण होतात. एक लक्षात ठेवावे: येथे आकडा जितका लहान तितका अर्क जोरदार, आणि जाहिरातीत नेमका हा भाग उलटा वाचला जाण्याचा संभव असतो.

पण परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. पहिली गोष्ट, आपण मेथॅनॉल पीत नाही. ते विष आहे. अर्क पाण्यात काढला तर निराळी द्रव्ये उतरतात, आणि तेलात काढला तर आणखी निराळी. अँथोसायनिन पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. तेव्हा खोबरेल तेलात जास्वंदीची फुले कितीही कढवली तरी तिची लाली तेलात उतरणार नाही. बाजारातली लालबुंद केशतेले पुष्कळदा रतनजोतीच्या मुळीमुळे लाल झालेली असतात, कारण तिचा रंग तेलात सुखाने विरघळतो. जास्वंदीची पाने वाटून केसांना लावण्याची आजीबाईंची रीत मात्र खरी; पण तिचे श्रेय अँटिऑक्सिडंटला नसून पानांतल्या बुळबुळीत चिकाला आहे, जो पाण्यात फुगतो आणि केस मऊ करतो.

दुसरी गोष्ट पोटातली. प्यालेल्या अँथोसायनिनाचा फारच अल्प अंश मूळ रूपात रक्तात पोचतो. उरलेल्याचे आतड्यातले जंतू तुकडे करतात, आणि त्या तुकड्यांपैकी प्रोटोकॅटेच्युइक आम्लासारखे काही शोषले जातात. म्हणजे परीक्षानळीत ज्याचा पराक्रम मोजला तो गडी दारातच निराळा होऊन आत येतो. अमेरिकेच्या शेतकी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा आकड्यांचा एक मोठा तक्ता केला होता; कंपन्या त्याचा गैरवापर करतात आणि त्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम ठरत नाही, असे कारण देऊन त्या खात्याने तो २०१२ साली मागे घेतला.

आणि जास्त म्हणजे चांगले, हा समज तर उघड उघड धोक्याचा ठरला आहे. फिनलंडात २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर वर्षानुवर्षे चाललेल्या एका चाचणीचा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला: बीटा-कॅरोटिनच्या, म्हणजे गाजरातल्या त्या सुप्रसिद्ध अँटिऑक्सिडंटच्या, गोळ्या ज्यांना दिल्या त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता सुमारे १८ टक्क्यांनी अधिक झाला. गाजर निर्दोष आहे, गोळी नव्हती.

याचा अर्थ अंबाडीचे सरबत निरर्थक असा घेऊ नये. बोस्टनमधील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रक्तदाब किंचित चढा असलेल्या ६५ प्रौढांपैकी काहींना सहा आठवडे दररोज तीन पेले अंबाडीच्या निदलांचा काढा दिला, तेव्हा त्यांचा वरचा दाब सरासरी ७.२ अंकांनी उतरला, आणि ज्यांना नुसते रंगीत, चवीचे पाणी दिले त्यांचा १.३ अंकांनी. हा परिणाम खरा दिसतो. परंतु तो मूलकांना शांत केल्यानेच झाला असे त्यातून सिद्ध होत नाही, आणि माझ्या मते या गुणाचे श्रेय रक्तवाहिन्या सैल पडण्याला द्यावयास हवे. ज्याला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्याने मात्र रोज पेलाभर पिण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आणि जास्वंदीच्या फुलांचा लोकवैद्यकात गर्भनिरोधासाठी उपयोग होत आलेला असल्याने गरोदर स्त्रियांनी तिच्या काढ्यापासून दूर राहावे.

राहिला प्रश्न बाटलीचा. तिच्यावरचा आकडा जास्वंदीने आपल्यासाठी कमावलेला नाही. गच्चीवरच्या उन्हात आपले पान आणि पाखरांच्या नजरेत आपले फूल टिकवण्यासाठी तिने केलेली ती तजवीज आहे, आणि तिच्यापैकी थोडे आपल्या ताटात आले तर तो आपला नफा. तो पदरात पाडून घेण्यासाठी बाटली विकत घेण्याचे कारण नाही. येत्या मार्गशीर्षात बाजारात लाल बोंडे दिसली तर पावशेर आणावीत, मधले बियांचे बोंड काढून टाकावे, निदले पाण्यात पाच मिनिटे उकळून गाळावीत, आणि गूळ किंवा साखर बाईंनी सांगितल्याप्रमाणे सढळ हाताने घालावी. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे; लोखंडाच्या, अॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात हे आम्ल धातू खाते, आणि लोखंडाच्या कढईत तर सरबताचा रंगही काळवंडतो.